आठ सर्व्हर आणि आठ फायली

कुंडलिका नदीने जालना शहराचे दोन भाग केले आहेत, जुना जालना आणि नवीन जालना. पाहुण्याने रिक्षात बसून नुसते 'जालना' म्हटले तर भागत नाही. 'जुना की नवीन?' हे सांगावेच लागते. गाव एकच, पण पत्ता पुरा व्हायला आणखी एक शब्द लागतो. एकाच संगणकावर दोन डेटाबेस सर्व्हर चालवायचे झाले तर नेमकी हीच गरज पडते.

डेटाबेस सर्व्हर म्हणजे माहितीचा साठा सांभाळणारा आणि मागेल त्याला हवी ती नोंद काढून देणारा प्रोग्रॅम. सात-बाराचा उतारा, रेल्वेचे आरक्षण, बोर्डाचा निकाल या सर्वांच्या मागे असा एखादा सर्व्हर बसलेला असतो. 1995 साली आलेला मायएसक्यूएल आणि 1996 पासून पोस्टग्रेएसक्यूएल या नावाने ओळखला जाणारा सर्व्हर, हे दोन्ही फुकट मिळतात आणि जगभर वापरले जातात. एकाच आवृत्तीचा प्रोग्रॅम भोकरदनला बसवा की परतूरला, तो तोच असतो. तरी दोन्हीकडे तो निराळा वागू शकतो, कारण सुरू होताना तो एक छोटी फाईल वाचतो. तिला कॉन्फिगरेशन फाईल म्हणतात. ती साधी मजकुराची फाईल असते. एका ओळीत एक नाव आणि त्याची किंमत: माहिती कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायची, किती मेमरी वापरायची, कोणत्या पोर्टवर विनंत्या ऐकायच्या. पोर्ट म्हणजे आपले 'जुना की नवीन'. मायएसक्यूएलचा नेहमीचा पोर्ट 3306, पोस्टग्रेएसक्यूएलचा 5432. एकाच संगणकावर एकाच जातीचे दोन सर्व्हर हवे असतील तर दुसऱ्याला निराळा क्रमांक द्यावा लागतो. नाहीतर तो 'जागा अडलेली आहे' असे सांगून सुरूच होत नाही. माहितीचे फोल्डरही वेगळे लागते. एकाच फेरफार नोंदवहीत दोन तलाठी एकाच वेळी लिहू लागले तर काय होईल, हे सांगायला नकोच.

आता एक कल्पना करू. जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत: जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा. समजा, प्रत्येक तालुक्याला एक मायएसक्यूएल सर्व्हर दिला. पहिल्याची फाईल नीट तयार केली आणि सात ठिकाणी तिची नक्कल पाठवली. पहिल्या दिवशी आठही फायली सारख्या. मग एका ठिकाणी मेमरी वाढवली, दुसरीकडे कुणी घाईत एक ओळ खोडली, तिसरीकडे संगणक बदलला आणि फाईल नव्याने लिहिली. वर्षभरात आठ फायली आठ तऱ्हेच्या होतात, आणि कोणता फरक मुद्दाम केलेला व कोणता चुकून झालेला, हे कुणालाच सांगता येत नाही.

यात बिघडले कुठे? मराठी माणसाला लगेच कळेल असे उदाहरण घेऊ. संगणकात अक्षरे आकड्यांच्या रूपात साठवली जातात. यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'जालना' या शब्दात ज, काना, ल, न आणि पुन्हा काना अशी पाच चिन्हे आहेत, म्हणजे 15 बाइट. परंतु मायएसक्यूएलमध्ये 2018 साली 8.0 ही आवृत्ती येईपर्यंत फाईलमध्ये काही लिहिले नसेल तर लॅटिन-1 ही लिपिपद्धती धरली जाई. तिच्यात देवनागरीला जागाच नाही. म्हणून ज्या तालुक्याच्या फाईलमधून लिपीची ती एक ओळ गळाली, तिथे नव्याने तयार केलेल्या डेटाबेसमध्ये शेतकऱ्याच्या नावाऐवजी नुसती प्रश्नचिन्हे साठवली जाऊ शकतात. सर्व्हरचे नियम ढिले ठेवलेले असतील तर तो नोंद नाकारतही नाही, फक्त एक सूचना देतो. आणि ती सहसा कुणी वाचत नाही. प्रश्नचिन्हांवरून मूळ नाव पुन्हा काढता येत नाही. पुढे फाईल दुरुस्त केली तरी ती फक्त नव्या डेटाबेसला लागू होते. आधीची टेबले जुन्याच लिपीत राहतात.

घड्याळाचेही तसेच. एका सर्व्हरवर भारतीय वेळ आणि दुसऱ्यावर ग्रिनिच वेळ असेल, तर सकाळी साडेदहाची नोंद दुसरीकडे पहाटे पाचची दिसते. जमिनीच्या व्यवहारात आधी कोण आणि नंतर कोण याला किती महत्त्व असते, हे खेड्यातल्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

यावर उपाय नवा नाही, फक्त शिस्तीचा आहे. फाईलचे दोन भाग करायचे. सर्वांना सारखे ते एका सामाईक फाईलमध्ये: लिपी, वेळ, सुरक्षेचे नियम. तालुक्यापुरते ते छोट्या स्थानिक फाईलमध्ये: मेमरी, पोर्ट, फोल्डर. दोन्ही सर्व्हरांमध्ये एका फाईलमधून दुसरी फाईल वाचायला सांगण्याची सोय आहे. एकच नाव दोनदा आले तर नंतर वाचलेली किंमत टिकते. म्हणून आधी सामाईक, मग स्थानिक हा क्रम महत्त्वाचा. स्थानिक फाईल पाच-सात ओळींची राहिली की मंठ्याचे वेगळेपण काय ते एका दृष्टिक्षेपात कळते. आमच्या मते खरा फायदा हाच आहे. टंकलेखन वाचते ही गोष्ट दुय्यम.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मात्र एक मेख आहे. सर्व्हर चालू असताना आज्ञा देऊन एखादी किंमत कायमची बदलली, तर ती एका तिसऱ्याच फाईलमध्ये लिहिली जाते आणि ती फाईल सर्वांत शेवटी वाचली जाते. आपण मूळ फाईल कितीही सुधारली तरी सर्व्हर त्या तिसऱ्या फाईलचेच ऐकतो.

त्यातून दुसरी गोष्ट निघते. फाईलमध्ये काय लिहिले आहे आणि सर्व्हर प्रत्यक्षात काय मानून चालला आहे, या दोन गोष्टी एकच असतील असे नाही. काही बदल सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होत नाहीत. म्हणून सर्व्हरलाच विचारावे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये तर प्रत्येक किंमत कोणत्या फाईलच्या कितव्या ओळीतून आली, आणि बदल लागू व्हायला सर्व्हर पुन्हा सुरू करायचा राहिला आहे काय, हेही पाहता येते.

फायलींचा इतिहास ठेवण्यासाठी गिट हा प्रोग्रॅम वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी तो 2005 मध्ये लिहिला. कोणती ओळ कुणी, कधी आणि का बदलली, याची ती जणू फेरफार नोंदवहीच. तिच्यात पासवर्ड मात्र लिहू नयेत. ते एकदा इतिहासात गेले की नंतर ओळ खोडूनही जुन्या पानावर राहतातच.

शाळेत संगणक असेल तर विद्यार्थ्यांकडून हे करून घेता येईल. एकाच यंत्रावर दोन पोर्टांवर दोन सर्व्हर, एकाला लॅटिन-1, दुसऱ्याला यूटीएफ-8. दोन्हींत आपल्या गावाचे नाव भरायला सांगावे, मग ते परत वाचून पाहावे. पहिला सर्व्हर नोंदच नाकारतो की प्रश्नचिन्हे दाखवतो, हे त्याच्या फाईलमधील आणखी एका ओळीवर, म्हणजे नियम कडक आहेत की ढिले यावर, अवलंबून असते. ती ओळ विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावी.