मीटिंगची खोली

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजेच 'एए', ही दारू सोडू पाहणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या आधारासाठी चालवलेली संघटना आहे. तिचे काम मुख्यतः आठवड्यातून ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी भरणाऱ्या मीटिंगमध्ये चालते. तिची सुरुवात अशी झाली: अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात मे १९३५मध्ये बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल कामासाठी आला होता. काही महिन्यांपूर्वीच त्याने दारू सोडली होती. व्यवहार फसला आणि हॉटेलातल्या बारकडे पाय वळू लागले. तेव्हा त्याने स्थानिक चर्चना फोन करून, आपल्यासारखाच पिणारा कुणी भेटेल का, अशी विचारणा केली. अशा प्रकारे त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. डॉ. बॉबने शेवटचा प्याला घेतला तो दिवस, १० जून १९३५, एएचा स्थापना दिन मानला जातो. दारुड्याशी दारुड्याच बोलू शकतो, हे सूत्र या भेटीतून निघाले आणि मीटिंगची सारी रचना आजही त्यावरच उभी आहे.

भारतात एएची सुरुवात १९५७ साली दिल्लीत झाली. महाराष्ट्रात आज शहरांत आणि अनेक तालुक्यांच्या गावांतही गट आहेत. मीटिंग बहुधा शाळेच्या वर्गात, चर्चच्या सभागृहात, समाजमंदिरात किंवा रुग्णालयाच्या एखाद्या खोलीत संध्याकाळी भरते. भाड्याची जागा बदलते, वेळही बदलते, म्हणून जुन्या कागदावरच्या पत्त्यावर विसंबून जाणे धोक्याचे ठरते. बंद दारासमोरून परतलेला माणूस दुसऱ्यांदा येईलच असे नाही. म्हणून निघण्यापूर्वी एएच्या मदत क्रमांकावर एक फोन करावा. पलीकडे बोलणारा स्वतःच सावरलेला असतो आणि पुष्कळदा नवख्याला दारापासून आत नेण्याची तयारीही दाखवतो. सरकारी व्यसनमुक्ती मदतवाणी १४४४६ या क्रमांकावरून समुपदेशनाची आणि उपचार केंद्रांची माहिती मिळते. सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागातील समाजसेवकांनाही जवळचे गट ठाऊक असतात.

मीटिंग दोन प्रकारची असते. खुल्या मीटिंगला नातेवाईक, विद्यार्थी, डॉक्टर कुणीही येऊन बसू शकतो. बंद मीटिंग फक्त दारूची अडचण असलेल्यांसाठी असते. सदस्य होण्याची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. नोंदणी नाही, फी नाही, आडनाव विचारले जात नाही. जे कानावर पडले ते खोलीबाहेर न्यायचे नाही, हा संकेत फार कसोशीने पाळला जातो. लहान गावात, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे नव्या माणसाची खरी भीती गोष्ट बाहेर फुटण्याचीच असते.

मीटिंग साधारण तास-दीड तास चालते. सुरुवातीला प्रास्ताविक वाचले जाते, मग एकेक जण नाव सांगून आपला अनुभव मांडतो. याला 'शेअरिंग' म्हणतात. मध्येच कुणी टोकत नाही, सल्ला देत नाही. पहिल्या दिवशी बोलण्याची सक्ती नसते, नुसते ऐकले तरी चालते. खर्चासाठी पिशवी फिरते, तीत सदस्यच आपापल्या ऐपतीप्रमाणे टाकतात. बाहेरून देणगी घ्यायची नाही, हा एएचा नियम आहे. नवख्याने दहा मिनिटे आधी यावे आणि संपल्यावर चहासाठी थांबावे. ओळखी तिथेच होतात, फोन नंबर तिथेच मिळतात. पुढे जुन्या सदस्यांपैकी एकाला आपला 'स्पॉन्सर', म्हणजे वैयक्तिक मार्गदर्शक, करता येते. रात्री अकराला पिण्याची ओढ लागली, की फोन करायचा तो त्यालाच.

वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तपासली गेली. त्यात एए आणि तिच्याशी जोडून देणारे उपचार सातत्याने दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचे किंवा अधिक परिणामकारक आढळले. मात्र मीटिंग ही वैद्यकीय उपचारांची जागा घेऊ शकत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवले, तर दोन-तीन दिवसांत फिट येणे, भास होणे, भ्रमिष्ट होणे असे प्रकार घडू शकतात आणि ते जिवावर बेतू शकतात. आधी डॉक्टर, मग मीटिंग, हाच क्रम सुरक्षित.

घरच्यांसाठी १९५१पासून 'अल्-अ‍ॅनॉन' ही वेगळी संघटना आहे. पिणारा थांबला नाही तरी पत्नीने, आईने, मुलाने या संघटनेच्या मीटिंगला जावे, कारण त्यांचाही त्रास त्या घराचाच भाग असतो. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. उपचारानंतर पाठपुराव्यासाठी येण्याची सवयही केंद्र लावते. मुंबईतील कृपा फाउंडेशन १९८१पासून व्यसनमुक्तीच्या कामात आहे.

मध्येच पुन्हा पिणे, ज्याला गटात 'स्लिप' म्हणतात, अनेकांच्या वाट्याला येते. तेव्हा शरमेने मीटिंग टाळणे हीच घसरणीची पुढची पायरी ठरते. परतलेल्याला जाब विचारला जात नाही. त्याचे दारूविना दिवस पुन्हा एकपासून मोजले जातात, खुर्ची मात्र तीच असते.