नवी जीपगाडी आणि तिच्या चाकांची चाल

चारही चाकांना ओढ असलेली उंच गाडी गावात आली, की कारखान्याने तिला काहीही नाव दिलेले असो, लोक तिला जीपच म्हणतात. नारळ फुटतो, पुढच्या पत्र्यावर कुंकवाचे स्वस्तिक निघते, पोरेटोरे भोवती जमतात. मग दोन-चार महिने जातात आणि घरधनी म्हणू लागतो, "स्टिअरिंग जरा सैल धरलं की गाडी डावीकडं ओढती." दुसऱ्याची तक्रार अशी, की रस्ता सरळ असतो, गाडीही सरळ जाते, पण स्टिअरिंगचे चाक मात्र हातात वाकडे राहते. तिसऱ्याला काहीच कळलेले नसते. त्याला एकदम टायरवालाच सांगतो, की पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड गुळगुळीत झाली आहे.

तिघांनाही सल्ला एकच मिळतो: अलाइनमेंट करून घ्या. तो चुकीचा नाही. पण अलाइनमेंट म्हणजे नेमके काय, आणि ती झाली की नुसती झाल्यासारखी दिसली, हे गाडीच्या मालकाला कळायला हवे. कळत नसेल, तर पैसेही जातात आणि टायरही जातात. शिवाय आपल्याकडे अशी गाडी केवळ हौसेची नसते. रात्री-अपरात्री बाळंतिणीला तालुक्याच्या दवाखान्यात नेणारी आणि पावसाळ्यात वाडीवरची मुले शाळेत पोचवणारी गाडी बहुधा हीच असते. टायरची आतली कड उभ्याने पाहिली तर दिसत नाही. ती पाहायला वाकावे लागते, बॅटरीचा उजेड टाकावा लागतो. न पाहिलेल्या त्या कडेतून तारा बाहेर आल्या आणि गाडी भर पावसात घाट उतरत असली, म्हणजे काय होईल, ते सांगायला नको.

गाडीच्या चाकाला तीन प्रकारचे कल दिलेले असतात. गॅरेजमध्ये त्यांना टो, कॅम्बर आणि कॅस्टर म्हणतात. नावे इंग्रजी असली तरी गोष्टी आपल्या रोजच्या पाहण्यातल्या आहेत. माणूस चालताना कुणाचे चवडे आत वळतात, कुणाचे बाहेर. गाडी वरून पाहिली तर चाकांचेही तसेच असते, तो टो. गाडीसमोर उभे राहून पाहिले, तर चाक वरच्या बाजूला आत किंवा बाहेर झुकलेले असते, तो कॅम्बर. तिसरा कॅस्टर थोडा लपलेला आहे. सायकलच्या पुढच्या चाकाचा दुफाटा सरळ उभा नसतो, खाली येताना पुढे झुकतो. त्याच्या दांड्याची रेषा मनाने जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाक जिथे टेकते त्याच्या थोडी पुढे पडते. म्हणजे चाक त्या रेषेच्या मागून ओढले जाते, आणि मागून ओढली जाणारी वस्तू आपोआप सरळ रेषेत येते. सायकलवर दोन्ही हात सोडून ऐटीत जाणारा मुलगा याच कलाच्या भरवशावर असतो. वळण संपले की मोटारीचे स्टिअरिंग आपसूक मध्यावर येते, त्याचे मोठे कारणही हेच.

या तिघांत टायर खाणारा खरा राक्षस म्हणजे टो. आपण साधे गणित करू. २५५/६५ आर १८ या मापाचा टायर घेतला, तर त्याचा व्यास सुमारे ७९० मिलिमीटर भरतो. समजा, दोन्ही चाकांचे चवडे मिळून कारखान्याने सांगितल्यापेक्षा ३ मिलिमीटर जास्त आत वळले आहेत. तीन मिलिमीटर म्हणजे पाटीवरच्या पेन्सिलीच्या जाडीपेक्षाही कमी. प्रत्येक चाकाच्या वाट्याला दीड मिलिमीटर आला. आता ७९० मिलिमीटरमागे दीड, तर एका किलोमीटरमागे किती? सुमारे १.९ मीटर. म्हणजे गाडी एक किलोमीटर पुढे गेली, की प्रत्येक चाक जवळजवळ दोन मीटर आडवे घासले जाते. दहा हजार किलोमीटरला हा हिशेब १९ किलोमीटरवर जातो. नवा टायर डांबरी रस्त्यावर आडवा १९ किलोमीटर फरफटत नेला तर त्याचे काय उरेल? एवढे नुकसान डोळ्यांना न दिसणाऱ्या फरकाने होते, आणि गाडी ओढत नाही म्हणून मालक निश्चिंत असतो. दोन्ही बाजूंचा टो सारखाच बिघडला तर गाडी ओढत नाहीच, नुसते टायर खाते. ओळखायची खूण एकच: तळहात टायरवर आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखे लागले, तर टो बिघडला आहे असे धरून चाला.

आता प्रश्न असा, की गाडी नवी असताना हे बिघडतेच कसे? कारखान्यातून निघताना मापे घेतलेलीच असतात. पण मापे म्हणजे एकच आकडा नसतो. इथपासून इथपर्यंत चालेल, अशी मर्यादा असते. नव्या स्प्रिंगा आणि सांध्यांतली रबरी बुशे पहिल्या काही हजार किलोमीटरांत थोडी बसतात. त्यात आपण नवी गाडी घेतल्या घेतल्या ओढ्यात आणि बांधावर घालून बघतोच. त्याशिवाय ती घेतल्याचे समाधान कुठले? एखादा दगड चाकाला आडवा लागला, की बारीकसा फरक पडायला तेवढे पुरे होते. म्हणून पहिल्या किंवा दुसऱ्या सर्व्हिसिंगला मापे एकदा तपासून घेणे हा शहाणपणा आहे. मापे बरोबर निघाली तर काहीही हलवू देऊ नये, हा त्याहून मोठा.

गॅरेजात जाण्यापूर्वी आपल्या गाडीची ठेवण माहीत हवी. २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेली थार घ्या. तिची पुढची दोन्ही चाके स्वतंत्र टांगलेली आहेत, आणि मागे मात्र एकसंध आस आहे. २०२३ मध्ये आपल्याकडे विक्रीला आलेल्या जिम्नीला पुढेही आणि मागेही एकसंध आस आहे. बैलगाडीला जसा एक आख दोन्ही चाकांना धरून असतो, तसाच हा प्रकार, फक्त पोलादी आणि आत फिरते दांडे असलेला. ज्या गाडीला पुढे एकसंध आस असते, तिच्यात सहसा टोच तेवढा बदलता येतो. कॅम्बर आणि कॅस्टर आसेच्या घडणीत आणि तिला धरणाऱ्या बाहूंत ठरून गेलेले असतात. अशा गाडीच्या बिलावर 'कॅम्बर दुरुस्त केला' असे लिहून आले, तर शांतपणे विचारावे, "दादा, नेमकं काय फिरवलं?" उत्तरादाखल एखादा बोल्ट किंवा खास बसवलेले बुश दाखवता आले तर ठीक.

स्टिअरिंग वाकडे राहण्याचा उलगडाही याच ठेवणीत आहे. स्वतंत्र टांगणीच्या गाडीत दोन्ही बाजूंना एकेक टाय रॉड असतो. स्टिअरिंग मध्यावर बांधून दोन्हीकडे सारखे फिरवले, तर टोही बसतो आणि स्टिअरिंगही सरळ राहते. घाईत एकाच बाजूचा रॉड फिरवला, तर टोचा आकडा बरोबर येतो पण स्टिअरिंग वाकडे होते. एकसंध आसेच्या गाडीत टोचा दांडा वेगळा, आणि स्टिअरिंगच्या पेटीकडून चाकाकडे जाणारा दांडा वेगळा. स्टिअरिंग सरळ करायचे ते या दुसऱ्या दांड्यावर. काही मिस्त्री स्टिअरिंगचे चाकच काढतात आणि एक दाता सरकवून परत बसवतात. डोळ्यांना सरळ दिसते, पण आतली पेटी आपल्या मध्यावर राहत नाही. शिवाय ज्या गाड्यांत घसरण रोखणारी विजेची यंत्रणा असते, तिला स्टिअरिंग किती वळले हे सांगणारा सेन्सर असतो. कारखान्याची तशी सूचना असेल, तर अलाइनमेंटनंतर त्याचे शून्य पुन्हा ठरवावे लागते.

माझ्या ओळखीच्या एका बागाईतदाराने नवी गाडी अलाइनमेंटला नेली होती. कागद हातात आला, सगळे आकडे हिरवे. गाडी मात्र पूर्वीसारखीच. तो परत गेला तेव्हा उत्तर मिळाले, "काका, कॉम्प्युटरवर केलंय, कॉम्प्युटर कसा चुकेल?" कॉम्प्युटर चुकत नाही हे खरे. पण त्याला दिसते ते चाकावर अडकवलेल्या पट्टीतून. पट्टी रिमवर तिरकी बसली, किंवा रिमच्या कडेला काळ्या मातीचा वाळलेला थर होता, तर यंत्र त्या तिरकेपणालाच चाकाचा कल समजते. म्हणून चांगला मिस्त्री पट्ट्या लावल्यावर गाडी थोडी मागेपुढे ढकलतो किंवा चाक फिरवून घेतो. पट्टीचा वाकडेपणा हिशेबातून काढायची ती रीत आहे. जॅकवरून उतरवलेली गाडी तशीच मापायची नसते. स्प्रिंगा लोंबकळून आलेल्या असतात, त्या हलवून जागेवर आणाव्या लागतात. त्याआधी टायर गार असताना हवा भरायची, चालकाच्या दारापाशी लावलेल्या तक्त्याप्रमाणे. मागची खताची पोती आणि फवारणीचा पंप उतरवून ठेवायचा. आणि सगळ्यांत आधी, चाक उचलून हाताने हलवून पाहायचे. बॉल जॉइंट किंवा बेअरिंग ढिले असेल, तर अलाइनमेंट म्हणजे हलत्या पाटावर रांगोळी.

मागची आस हलवता येत नाही म्हणून मागच्या चाकांची मापे घ्यायचीच नाहीत, असेही काही ठिकाणी करतात. ते बरोबर नाही. मागची आस किंचित तिरकी बसली असेल, तर गाडी कुत्रे तिरके पळते तशी पळते, आणि पुढे कितीही जुळवले तरी स्टिअरिंग सरळ येत नाही. मापे चारही चाकांची हवीत, मग दुरुस्ती दोनच चाकांत झाली तरी हरकत नाही. कागद दोन हवेत, आधीचा आणि नंतरचा.

गाडी एका बाजूला ओढते याचे कारण दर वेळी चाकांच्या कलात नसते. आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून कडेला उतरते केलेले असतात. आपण डावीकडून जातो, तेव्हा गाडी हलकेच डावीकडे झुकणारच. मोकळ्या सपाट मैदानावर चालवून पाहा. तिथेही ओढत असेल, तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून पाहा. फिरण्याची दिशा ठरवून दिलेले टायर असतील तर मात्र हा प्रयोग सरळसरळ करता येत नाही. ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टायरच्या घडणीत आहे. स्टिअरिंग थरथरते हे तर बहुधा अलाइनमेंटचे दुखणेच नव्हे, ते बॅलन्सिंगचे. शेतातून आल्यावर रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसतो आणि चाक एका अंगाला जड होते. पैसे मोजण्याआधी पाण्याचा पाइप लावून पाहावा. आणखी एक गोष्ट. आपल्याकडच्या अशा बहुतेक गाड्यांत चारही चाकांची ओढ चालकाने दांड्याने किंवा बटणाने लावायची असते. ती चिखलासाठी आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती लावून ठेवली, तर वळणावर गाडी अडखळते, स्टिअरिंग जड होते, टायर घासतात. आणि दोष बिचाऱ्या अलाइनमेंटला.

शिक्षक बंधुभगिनींना यातले एक माप शाळेच्या अंगणात घेता येईल. त्याला लागतो गवंड्याचा ओळंबा, खडू, खिळा आणि मोजपट्टी. फरशी किंवा टणक सपाट जमीन पाहा. मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलवर आणि ओढ फक्त मागच्या चाकांवर ठेवा. पुढचे एकेक चाक जॅकने जेमतेम उचला. खाली कुणीही सरकायचे नाही, मुलांनी तर नाहीच. ठोकळ्यात घट्ट बसवलेला खिळा टायरच्या मध्यावर टेकवून चाक हाताने फिरवा, म्हणजे सभोवार बारीक रेघ उमटेल. दोन्ही चाकांवर रेघा झाल्या, की गाडी खाली उतरवून, दगड काढून, स्टिअरिंग सरळ धरून चार-पाच हात पुढे ढकला. आता चाकाच्या मध्याच्या उंचीवर, टायरच्या पुढच्या अंगाला, त्या रेघेवर ओळंब्याची दोरी धरा आणि खाली जमिनीवर खडूची खूण करा. मागच्या अंगालाही तसेच. दुसऱ्या चाकालाही तसेच. चार खुणा झाल्यावर गाडी बाजूला न्या आणि पुढच्या दोन खुणांतले अंतर मागच्या दोन खुणांतल्या अंतरातून वजा करा. उरेल तो टो. समांतर रेषा म्हणजे काय, हे फळ्यावर काढून जे कळत नाही, ते आठवीच्या मुलाला इथे मिलिमीटरांत कळते. या मापाने दुरुस्ती करू नये, कारण हाताच्या मापात मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक सहज पडतो. पण चूक पाच-सहा मिलिमीटरांची असेल, तर ती इथे लपत नाही, आणि कागदावरचा हिरवा रंग खरा की खोटा हेही समजते.

हल्ली नवी गाडी आणताच तिची उंची वाढवण्याचा आणि मोठे टायर घालण्याचा नाद पसरला आहे. एकसंध आसेची गाडी उंच केली, की आस बाहूंसह फिरते आणि कॅस्टर कमी होतो. मग गाडी वेगात भरकटू लागते, स्टिअरिंग मध्यावर यायला कंटाळते. स्वतंत्र टांगणीत उंचीबरोबर टो आणि कॅम्बर दोन्ही हलतात. नुसत्या टोच्या दुरुस्तीने ते भरून येत नाही. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करायला मनाई आहे. तो मुद्दा वेगळा, पण अपघातानंतर तोच आधी निघतो.

काम झाल्यावर गॅरेजमधून लगेच निघू नका. टाय रॉडचे लॉकनट पुन्हा आवळले की नाही ते विचारा. ते ढिले राहिले तर आजचे माप आठवड्यातच सुटते. मग मिस्त्रीला शेजारी बसवून सपाट रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर गाडी चालवा, आणि स्टिअरिंग सरळ आहे की नाही ते त्याला त्याच्या डोळ्यांनी पाहू द्या. दोन्ही कागद गाडीच्या पुस्तकात ठेवा. पुढल्या वेळी टायरची कड झिजलेली दिसली, तर ते जुने आकडेच पहिल्यांदा काढून पाहायचे असतात.