घावन : गव्हाविना सकस न्याहरी

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागात सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरलेले शहापूर आणि मुरबाड हे तालुके मुळात भातशेतीचे. खाचरांत भात आणि डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी व वरी, ही येथील खरीप हंगामाची जुनी वाटणी होय. गहू हे या मातीचे मुख्य पीक कधीच नव्हते. तो बाजारातून आणि रास्त भावाच्या दुकानांतून घराघरांत आला आणि रुळला. आसनगाव किंवा कसारा येथून लोकलने कामावर जाणाऱ्यांच्या डब्यात आज चपाती असते. रविवारच्या न्याहरीलाही पाव, बिस्किटे किंवा रव्याचा उपमा पुढे येतो. तांदळाच्या व नाचणीच्या पिठाचे घावन मात्र अनेक घरांत सणावारापुरते उरले आहे.

निरोगी माणसाला गहू वर्ज्य करण्याचे काहीच कारण नाही. परंतु काही व्यक्तींच्या बाबतीत गव्हाचा एक घासही अपायकारक ठरतो. अशा व्यक्तींसाठी घावन हा केवळ रुचिपालट नसून आरोग्याचा आधार आहे.

ग्लूटेन म्हणजे काय?

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्यातील प्रथिनांचे एक चिवट, लवचिक जाळे तयार होते. यालाच ग्लूटेन म्हणतात. पुरणपोळीची कणीक ताणली जाते आणि पाव फुगून जाळीदार होतो, तो या ग्लूटेनमुळेच. शिक्षकांना हे वर्गात सहज दाखविता येईल. गव्हाच्या कणकेचा एक लहान गोळा पाण्याच्या भांड्यात हलक्या हाताने धुवावा. पांढरे पिष्ट निघून जाते आणि हाती रबरासारखा चिवट गोळा उरतो. तांदळाच्या पिठाचा गोळा तसाच धुतला असता तो विरघळून जातो. हाती काहीच उरत नाही.

गहू, जव आणि राय या धान्यांतील ही प्रथिने ‘सिलिॲक’ या विकाराच्या रुग्णांना सोसत नाहीत. ती पोटात गेली की शरीराची संरक्षक यंत्रणा लहान आतड्याच्या आतील सूक्ष्म अंकुरांनाच इजा करते. अन्नरस शोषून घेण्याचे काम हेच अंकुर करतात. ते झडले की भरपूर खाऊनही शरीर उपाशी राहते. गव्हाचा आणि या विकाराचा संबंध नेदरलँडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिला. त्यांचा प्रबंध १९५० साली सादर झाला. त्यानंतरच्या काळात विज्ञानाने मोठी प्रगती केली असली तरी ग्लूटेनविरहित आहार आयुष्यभर पाळणे हाच या विकारावरील मुख्य उपाय आहे.

शाळा व अंगणवाडीने काय पाहावे?

वारंवार होणारे जुलाब, फुगलेले पोट, खुंटलेली वाढ आणि लोहाच्या गोळ्या देऊनही न हटणारा रक्तक्षय ही या विकाराची लक्षणे असू शकतात. ती कुपोषणाच्या व जंतांच्या लक्षणांशी मिळतीजुळती असल्याने मूळ कारण नजरेआड राहण्याचा संभव असतो. असे मूल आढळल्यास त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तेथील सल्ल्याने मोठ्या रुग्णालयात पाठवावे. रक्ताच्या तपासणीने प्राथमिक निदान होऊ शकते. येथे एक गोष्ट अवश्य ध्यानी ठेवावी. तपासणी होण्यापूर्वी मुलाचा गहू परस्पर बंद करू नये. गहू थांबविल्यास तपासणीत दोष दिसेनासा होतो आणि निदान चुकते.

घावन करण्याची रीत

चार माणसांच्या न्याहरीसाठी दोन वाट्या तांदळाचे पीठ, अर्धी वाटी नाचणीचे पीठ आणि चवीपुरते मीठ घ्यावे. तांदूळ धुवून, सावलीत वाळवून दळलेले असावेत. त्यात थोडे थोडे करून सुमारे साडेचार वाट्या पाणी घालावे व गुठळ्या मोडाव्यात. पीठ ताकाइतके पातळ झाले पाहिजे. नंतर ते पंधरावीस मिनिटे झाकून ठेवावे.

बिडाचा तवा चांगला तापवून त्यावर अर्ध्या कापलेल्या कांद्याने तेल फिरवावे. पीठ प्रत्येक वेळी तळापासून ढवळून घ्यावे, कारण तांदळाचे पीठ लगेच खाली बसते. ते तव्याच्या कडेकडून मध्याकडे ओतावे. पळीने पसरू नये. तव्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ वेगाने बाहेर पडते आणि तिच्या वाटेने जाळी पडते. त्याच वेळी पिष्ट शिजून घट्ट होते आणि घावनाला धरून ठेवते. येथे ग्लूटेनची गरजच भासत नाही. तवा पुरेसा तापलेला नसेल तर जाळी पडत नाही आणि घावन चिकटते. झाकण ठेवून एक वाफ आणावी; कडा सुटू लागल्या की उलटावे. सोबत लसणाची चटणी, ओले खोबरे किंवा गूळ घ्यावा.

जाड व मऊ प्रकार हवा असल्यास आंबोळी करावी. तीन भाग तांदूळ, एक भाग उडीद डाळ व थोडी मेथी भिजवून वाटावी आणि रात्रभर आंबू द्यावी. उडदातील चिकट द्रव्य आंबताना निर्माण होणारा वायू धरून ठेवते. गव्हाच्या पिठात जे काम ग्लूटेन करते, ते येथे उडीद करतो.

गिरणीतील सावधगिरी

पदार्थ गव्हाविना केला म्हणजे तो निर्धोक झाला असे नव्हे. गिरणीत आधी गहू दळला असेल तर जात्यात राहिलेले पीठ तांदळात मिसळते. भारतातील अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार ग्लूटेनविरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन चालत नाही. मर्यादा किती सूक्ष्म आहे हे यावरून ध्यानी येईल. म्हणून रुग्णाचे धान्य घरच्या जात्यावर किंवा केवळ तांदूळ-नाचणीसाठी राखलेल्या चक्कीवर दळावे. चाळणी आणि तवाही वेगळे ठेवावेत. घावन कुरकुरीत व्हावे म्हणून त्यात रवा घालू नये. बाजारातील खड्याच्या व पुडीच्या हिंगात गव्हाचे पीठ असू शकते, तसेच थालीपिठाच्या भाजणीतही गहू असतो. तेव्हा वेष्टनावरील घटक वाचूनच ते घ्यावेत.

नाचणीचे महत्त्व

शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गव्हात ते ४० मिलिग्रॅमच्या आसपास आणि तांदळात त्याहूनही कमी आढळते. केंद्र शासनाने २०१८ मध्ये नाचणीसह अशा भरड धान्यांना ‘पौष्टिक तृणधान्ये’ म्हणून मान्यता दिली, तर संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे केले. वरकस जमिनीवर नाचणी पिकविणाऱ्या आदिवासी शेतकऱ्याला ही थोरवी नवी नाही.

एखाद्या गावातील महिला बचतगटाने तांदूळ व नाचणी यांच्यासाठीच स्वतंत्र चक्की चालविली आणि ग्रामपंचायतीने तिला जागा व वीजजोडणी मिळवून दिली, तर रुग्णाच्या घराला विश्वासाचे पीठ मिळेल आणि वरकस जमिनीच्या पिकाला गावातच गिऱ्हाईक लाभेल. त्यासाठी परदेशी पिठांच्या महागड्या पुड्यांची आवश्यकता नाही. गव्हाने आजारी पडणाऱ्या मुलाची न्याहरी शहापूर-मुरबाडच्या शेतांत आजही पिकत आहे. ती गव्हाच्या कणापासून जपून त्याच्या ताटापर्यंत पोहोचविणे एवढेच काम उरते.