रिकामे रिंगण कसे पाहावे

स्पेनमधील वृषभयुद्धाची जुनी रिंगणे पाहू इच्छिणाऱ्या प्रवाशाने, ज्या दिवशी झुंज नाही असाच दिवस मुद्दाम निवडावा. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावणाऱ्या मुलखातील माणसाने हा सल्ला दिला, की तो भूतदयेपोटी दिला असे समजले जाते. परंतु माझे कारण निराळे आहे. झुंजीच्या दिवशी तेथे गर्दी दिसते, वास्तू दिसत नाही. आणि तबेले, प्रार्थनामंदिर, बैल कोंडण्याचे कोठे, जखमी झुंजाराची शस्त्रक्रियेची खोली, ज्यांच्यावाचून त्या वर्तुळाचा अर्थच लागत नाही, ते सारे भाग त्या दिवशी परक्यास बंद होतात. मार्गदर्शकासह होणाऱ्या फेऱ्याही लवकर आटोपत्या घेतल्या जातात. हंगाम सामान्यतः मार्च ते ऑक्टोबर असा चालतो. त्यातही सेव्हिलला ईस्टर व एप्रिलच्या जत्रेचे दिवस आणि माद्रिदला मे-जूनमधील सान इसिद्रोचा उत्सव टाळून प्रवासाची आखणी केली, तर वास्तू निवांत पाहता येते.

गोल रिंगण ही कल्पना तुलनेने अलीकडची आहे. अठराव्या शतकापर्यंत झुंजी गावच्या चौकात होत, आणि त्याचा नमुना पाहावयाचा असल्यास माद्रिदपासून सुमारे 45 किलोमीटरवर असलेल्या चिंचोन गावी जावे. तेथील मुख्य चौकाभोवतीच्या घरांचे लाकडी सज्जे हीच प्रेक्षकांची आसने होती, आणि त्या चौकात झुंजीची वहिवाट आजही आहे. चौकोनी जागेत बैल कोपरा धरून बसतो. वर्तुळात त्याला कोपराच सापडत नाही.

रोंडा येथील रिंगण 1785 साली उघडले. गावाच्या मधोमध असलेल्या खोल दरीवर ‘पुएन्ते नुएव्हो’ हा पूल बांधणारा होसे मार्तीन दे आल्देउएला हाच त्याचाही रचनाकार मानला जातो. (हा गृहस्थ पुलाची पाहणी करताना दरीत कोसळून मेला, असे सांगणारा वाटाड्या भेटल्यास त्याची कथा मनोरंजनापुरती ऐकावी, पूल 1793 साली पुरा झाला आणि आल्देउएला 1802 साली मालागा येथे वारला.) 66 मीटर व्यासाची वाळू, तिच्याभोवती 136 तुस्कन स्तंभांची दुमजली ओवरी आणि सर्व आसनांवर कौलारू छप्पर, अशी ही रचना इतकी संयत आहे, की रक्ताच्या खेळासाठी ती उभारली हे क्षणभर खरे वाटत नाही. सरदार-शिलेदारांना अश्वविद्येचा व शस्त्रविद्येचा सराव राहावा म्हणून दुसऱ्या फेलिपे राजाने 1572 साली जे फर्मान काढले, त्यापासून आपली परंपरा मोजणारी ‘रेआल माएस्त्रान्सा’ ही उमरावांची संस्था या वास्तूची मालक असून, तिची अश्वशाळा लगतच चालते. म्हणून जो प्रवासी वाळूत उभे राहून छायाचित्र काढतो, पण अश्वशाळा आणि ऑर्लेआँ घराण्याच्या घोड्यांचे साज पाहिल्यावाचून परततो, त्याने दस्तऐवजाची मोहोर तेवढी पाहिली आणि मजकूर वाचावयाचा ठेवला. घोड्यावरून लढणारा उमराव मागे पडून पायउतार लढणारा सामान्य माणूस नायक झाला, तो अठराव्या शतकात. पाच हजारांहून अधिक बैल मारूनही ज्याला एकदाही शिंग लागले नाही अशी ख्याती असलेला पेद्रो रोमेरो याच गावचा. समुद्रकिनाऱ्यावरून सहलीच्या बसगाड्या येण्यापूर्वी, दार उघडताच आत शिरावे, आणि त्यासाठी आदली रात्र गावातच काढावी. सप्टेंबरच्या आरंभी चित्रकार गोयाच्या काळातील पोशाखांत झुंज भरते. त्या वेळी खोली मिळणे दुरापास्त असते.

सेव्हिलचे रिंगण याच्या उलट प्रकृतीचे. पक्के बांधकाम 1761 साली सुरू झाले. तिसऱ्या कार्लोस राजाने झुंजींना केलेल्या मनाईमुळे 1786 साली ते थांबले आणि पुरे व्हावयास 1881 साल उजाडले. त्यामुळे वर्तुळ किंचित वाकडे राहिले आहे, आणि मला ते त्या वाकडेपणासकट प्रिय आहे. त्या मनाईतही धर्मादाय कार्यासाठी पैसा उभा करणाऱ्या झुंजींना सूट होती. माद्रिदची रुग्णालये अशा उत्पन्नावर चालत आणि सारागोसाचे रिंगण तर 1764 साली अनाथ-दीनांच्या आश्रमाच्या खर्चाची तजवीज म्हणूनच बांधले गेले. सेव्हिलला आल्काला दे ग्वादाइरा येथून आणलेली पिवळी माती, झुंजारांचे प्रार्थनामंदिर आणि विजयी झुंजार खांद्यांवरून बाहेर नेला जातो तो राजपुत्राचा दरवाजा, ही तीन स्थळे चुकवू नयेत. उन्हाळ्यात तेथील पारा 40 अंशांपलीकडे जातो, तेव्हा सकाळचीच फेरी घ्यावी.

माद्रिदचे ‘लास व्हेन्तास’ 1931 सालचे, विटांचे, नालाकृती कमानींचे आणि सुमारे 24 हजार प्रेक्षकांचे. मेट्रोच्या दुसऱ्या व पाचव्या मार्गांवर ते आहे. बाहेर झुंजारांनी 1964 साली उभारलेला अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा पुतळा आहे. शिंगाच्या जखमेपेक्षा ती जखम सडण्याचे भय मोठे होते, आणि फ्लेमिंग यांच्या पेनिसिलिनने ते हरण केले, याची ही पोच.

इतके सांगूनही ज्याला झुंज पाहावयाचीच असेल, त्याने हे ध्यानी धरावे, की सावलीतील जागा उन्हातील जागेपेक्षा महाग असते, दगडी पायरीवर बसण्यास उशी भाड्याने घेणे शहाणपणाचे ठरते, आणि झुंज ठरल्या क्षणी सुरू होते. बैल रिंगणात असेतो उशिरा आलेल्यास आत सोडत नाहीत. सहा बैल मारले जाईपर्यंत दोन तासांहून अधिक वेळ जातो. पहिल्यानंतर उठून जाण्यात कमीपणा मानू नये, मात्र बैल बाहेर ओढून नेल्यावरच उठावे. शाकाहारी प्रवाशाने भोजनगृहात ‘राबो दे तोरो’ हे नाव ओळखून ठेवावे: ते बैलाच्या शेपटीचे कालवण होय.

बार्सिलोनात झुंज आता होत नाही. कातालोनियाच्या विधिमंडळाने 2010 साली बंदी केली, तेथील ‘ला मोनुमेन्ताल’ रिंगणात 25 सप्टेंबर 2011 रोजी अखेरची झुंज झाली, आणि 2016 साली घटना न्यायालयाने ती बंदी रद्द ठरविल्यावरही कोणी पुन्हा बैल उतरविला नाही. 1900 साली उघडलेले ‘लास अरेनास’ हे तेथील दुसरे रिंगण तर 2011 पासून बाजार झाले आहे. जुनी भिंत तेवढी राखून आतला सारा सरंजाम बदलला. ही तडजोड मला रुचत नाही, पण गच्चीवरून मॉन्ट्जुइक टेकडीचा देखावा उत्तम दिसतो. तेथे जाताना बाहेरच्या उद्वाहकाला पैसे पडतात. आतले फिरते जिने फुकट आहेत.