मालवणच्या प्रवाळांवर नांगराचे घाव

मालवणच्या जेटीवरून किल्ल्याकडे निघालेल्या होडीत बहुतेकांचे लक्ष समोरच्या तटबंदीकडे असते, आणि ते साहजिकच आहे. पण शिवरायांनी १६६४ साली ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्याच्या भोवतालचे पाण्याखालचे खडकही कमी मोलाचे नाहीत. त्यांवर प्रवाळ वाढतात. १९८७ साली इथले २९ चौ. किमी.हून थोडे अधिक क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्यातला तीनेक चौ. किमी.चा गाभा म्हणजे किल्ला, पद्मगड आणि आसपासचे बुडालेले खडक. लक्षद्वीपसारख्या नितळ पाण्यातल्या प्रवाळभिंती इथे शोधू नयेत. गढूळ पाण्यात खडकाला चिकटून किंवा गोलसर आकारात वाढणारे मालवणचे प्रवाळ मुळात चिवट. गाळ त्यांच्या अंगवळणी पडला आहे. न सोसणारी गोष्ट म्हणजे मार: नांगराचा, साखळीचा आणि पायांचा.

प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण जिवंत असतो तो वरचा, दुधावरच्या सायीसारखा पातळ थर. नांगर टाकला की तो पडतो तिथेच खड्डा करून थांबत नाही. होडी वाऱ्याबरोबर फिरते आणि साखळी भोवतालचा खडक घासत राहते. जिथे हा थर खरवडला जातो तिथे शेवाळ आणि गाळ ठाण मांडतात, जंतूंना वाट मिळते. वाढ आणि प्रजननासाठी लागणारी शक्ती प्रवाळ जखम भरण्यात खर्च करतो. पोरायटीससारखा गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण सेंटीमीटरभर वाढतो, म्हणजे टाचेखाली क्षणात गेलेला वीतभर तुकडा पुन्हा व्हायला वीसेक वर्षे लागतात. मालवणात स्कूबा करणारे बहुतेक पर्यटक पहिल्यांदाच पाण्याखाली जातात. अनेकांना पोहताही येत नाही. पाणी उथळ, त्यात मन घाबरलेले. आधारासाठी हात खडकाकडे जातो, फोटोसाठी पाय टेकतात. कायद्याने हे प्रवाळ वाघाच्याच पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत बसवले आहेत. वाघावर पाय देऊन फोटो काढायचे मात्र अजून कुणाला सुचलेले नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. प्रवाळांचा खरा शत्रू तापणारा समुद्र; मालवणातही प्रवाळ पांढरे पडल्याच्या नोंदी आहेत, मग चार फ्लिपर्सचे काय घेऊन बसलात? पण थायलंडमधल्या को ताओ बेटाभोवतीच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डायव्हरांची वर्दळ जास्त असलेल्या ठिकाणी रोगट प्रवाळांचे प्रमाण कमी वर्दळीच्या ठिकाणांच्या सुमारे तिप्पट आढळले. उष्णतेने खंगलेल्या जिवाला वरून घाव बसले तर तो सावरणार कसा? शिवाय समुद्राचे तापमान मालवणकरांच्या हाती नाही, नांगर आहे. वादळेही प्रवाळ मोडतात हे खरे, आणि फांद्यांचे प्रवाळ मोडक्या तुकड्यांतून पुन्हा रुजू शकतात. इथले गोलसर आणि खडकाला लिंपलेले प्रवाळ तसे सहज रुजत नाहीत. वादळानंतर सावरायला काही वर्षे तरी मिळतात. पर्यटनाच्या हंगामात एक दिवसाचीही उसंत नसते.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा, आणि तो अधिक वजनदार. अभयारण्याची घोषणा झाली तेव्हापासून इथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला, कारण निर्बंध आले की पहिला घाव आपल्याच जाळ्यावर पडणार ही त्यांची भीती निराधार नव्हती. त्यांतल्या कित्येक घरांना आता पर्यटनाने हात दिला आहे, तेव्हा स्कूबा बंद करा म्हणणे अन्यायाचे होईल. तशी गरजही नाही. कॅरिबियनमधल्या बोनेर बेटाने प्रवाळांवर नांगर टाकायला बंदी केली, बांधून ठेवलेल्या बोयांना बोटी लावायची सोय केली, आणि तिथला डायव्हिंगचा धंदा जगभर नावाजला गेला. पाण्यात उतरण्याआधी सूचना दिल्या की काम भागते, असे धंदेवाले सांगतात. सेंट लुसिया बेटावरच्या पाहणीने ते खोटे ठरवले. तिथे चारांपैकी सुमारे तीन डायव्हर प्रवाळाला लागलेच. नुसत्या छोट्या सूचनेने फरक पडला नाही, पाण्याखाली गाइडने जागच्या जागी अडवल्यावर पडला. म्हणजे मालवणात हवेत कायमचे बोये आणि एका गाइडमागे मोजकीच माणसे. फेऱ्या कमी होतील, दर वाढतील. तो भार पर्यटकाने उचलावा. यंदा सुट्टीत मालवणला जाणार असाल तर पैसे देण्याआधी एवढे विचारा: होडी बोयाला बांधता की नांगर टाकता? नांगर म्हणाले, तर दुसरी होडी बघा.