मैदानानंतरचे सुनील गावसकर

खेळाडूची कमाईची वर्षे थोडी. गिरणीतला माणूस साठीच्या आसपास घरी बसतो. फलंदाज अडतिशीतच म्हातारा ठरतो. सुनील गावसकरांनी मार्च १९८७ मध्ये बंगलोरला पाकिस्तानविरुद्ध ९६ धावांची आपली शेवटची कसोटी खेळी केली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बॅट खाली ठेवली. १२५ कसोट्या, १०,१२२ धावा, ३४ शतके. हा हिशेब इथल्या पोरांनाही पाठ आहे. परंतु मैदानावर ते सोळा वर्षे होते आणि ध्वनिक्षेपकापुढे त्याच्या दुपटीहून अधिक काळ आहेत, म्हणून ह्या दुसऱ्या डावाकडे आम्ही आज वळतो.

रेडिओवरचे धावते समालोचन म्हणजे आंधळ्याची काठी; चेंडू कुठे गेला हे सांगावेच लागते. दूरचित्रवाणीवर तो प्रेक्षकाला दिसतच असतो. तिथे बोलणाऱ्याने तो तिकडे का गेला, फलंदाजाचा पाय कुठे अडखळला, कर्णधाराने क्षेत्ररक्षक का हलवला, हे सांगायचे आणि मग गप्प बसायचे. गप्प बसणे हेच त्यातले कठीण काम. गावसकरांना ते साधते, कारण आघाडीच्या फलंदाजाचा धंदाच मुळी चेंडू सोडून देण्याचा.

आता एक नाजूक गोष्ट. २००८ साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्यांना विचारले, की आमच्या समितीचे अध्यक्षपद हवे की लेखन-समालोचन? त्यांनी अध्यक्षपद सोडले. ते योग्यच झाले. परंतु समालोचनासाठी त्यांचा करार खुद्द भारतीय क्रिकेट मंडळाशीच होता, हे २०११ साली उघड झाले तेव्हा पुष्कळ टीका झाली. ती आम्हांस गैर वाटत नाही. पगार देणाऱ्याकडे बोट दाखवणे किती जड जाते, हे कामगाराला कुणी शिकवावे लागत नाही.

मैदान सोडल्यावर रेडिओ आणि सेवाकार्य दोन्ही सांभाळणारे गावसकर पहिले नव्हेत. विजय मर्चंट विविध भारतीवर क्रिकेटवर बोलत आणि अपंगांसाठी झटत. ते होते गिरणीमालक! तरीही त्यांच्या ह्या कामाला आम्ही हात जोडतो.

गावसकरांनी १९९९ साली ‘चॅम्प्स फाउंडेशन’ काढले. देशासाठी खेळून पुढे हलाखीत सापडलेल्या खेळाडूंना, मग ते कोणत्याही खेळाचे असोत, ते मदत करते. विनोद कांबळी आजारी पडले तेव्हा एप्रिल २०२५ पासून दरमहा ३०,००० रुपये आणि औषधोपचारासाठी वर्षाला आणखी ३०,००० देण्याचे ह्या संस्थेने ठरवले. आमच्यासारखा युनियनवाला इथे थोडा अडतो. मदत ही देणाऱ्याची मर्जी, निवृत्तिवेतन हा घेणाऱ्याचा हक्क. क्रिकेट मंडळाजवळ पैसा आहे; २०२२ मध्ये त्याने जुन्या खेळाडूंचे किमान मासिक वेतन १५,००० वरून ३०,००० केले. हॉकी-कबड्डीच्या मंडळांना ते कुठून परवडणार? पदक आणणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची निवृत्तिवेतन योजना आहे. पदकाविना परतलेल्याने कुठे जावे? तोवर मर्जीचा का होईना, आधार हवाच.

दुसरे काम लहान मुलांच्या हृदयाचे. कित्येक बालके हृदयाच्या पडद्याला भोक घेऊनच जन्मतात. दूध पिताना धाप लागते, वजन वाढत नाही, काहींचे ओठ-नखे निळसर दिसतात. वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर यांतली बहुतेक मुले इतरांसारखी धावू लागतात. श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयांत ती विनामूल्य होते, आणि त्यांच्यासाठी पैसा उभा करण्याकरिता गावसकर देश-परदेशांत हिंडले आहेत. २०१९ मध्ये सत्तराव्या वाढदिवशी त्यांनी खारघरच्या रुग्णालयातील ३५ मुलांच्या शस्त्रक्रियांचा भार उचलला. आंतरराष्ट्रीय सामन्यांतली शतकेही ३५, एक एकदिवसीय धरून.

आपल्या पाड्यांवर असे मूल आढळले तर भगताकडे दिवस घालवू नयेत. अंगणवाडीच्या तपासणीत दाखवावे, शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावे. खारघर फार लांब नाही. आसनगावहून ठाण्यापर्यंत लोकल आणि तिथून पनवेलची गाडी.