गोटे, काळी माती आणि जुने डोझर

परतवाड्याच्या उत्तरेला गाविलगडच्या पायथ्याशी गोट्यांचा जाड थर लागतो, तर दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यात काळी माती. सापन, चंद्रभागा, शहानूर ही मातीची धरणे याच मुलखातली. जुन्या बुलडोझरचा कस या दोन्ही जमिनी पाहतात, पण निरनिराळ्या जागी.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेले, डोझरसारखेच चेनवर चालणारे क्रॉलर ट्रॅक्टर घेऊन केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभारली. परतवाड्याचा हा वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. त्याच प्रांतातल्या सागर, होशंगाबादकडे कांस गवताने जमिनी पडीक पाडल्या होत्या. त्या मोडण्यासाठी १९४९ साली जागतिक बँकेने भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज दिले.

त्या पिढीतल्या यंत्रांची दुखणी इंजिन सुरू करण्यापासूनच असत. कॅटरपिलरच्या डी-७, डी-८ मध्ये डिझेल इंजिन फिरवायला दोन सिलिंडरचे छोटे पेट्रोल इंजिन असे. त्याचा कार्बोरेटर तुंबला की मोठे इंजिन धडधाकट असूनही यंत्र जागचे हलत नसे. इंटरनॅशनलच्या टीडी-१८ मध्ये एकच इंजिन आधी पेट्रोलवर सुरू होऊन मग डिझेलवर जाई. दुसरे इंजिन वाचले. पण त्यासाठी सिलिंडर हेडमध्ये जादा झडपा आल्या आणि तडे तिथेच जाऊ लागले. अ‍ॅलिस-चामर्सच्या एचडी-१४ ला जनरल मोटर्सचे टू-स्ट्रोक डिझेल इंजिन होते. त्यात हवा ब्लोअरने कोंबावी लागे. म्हणजे एअर क्लीनरची हयगय झाली की धूळ थेट लायनरपर्यंत.

मग जपानी वळण आले. कॅटरपिलर मित्सुबिशीच्या साथीने जपानात उतरत असताना कोमात्सूने कमिन्सकडून इंजिनाचे तंत्र घेतले आणि आपल्या डोझरचा दर्जा झपाट्याने सुधारला. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या बेमल या भारतीय कंपनीने कोमात्सूशीच करार केला. त्यातून डी-५०, डी-८०, डी-१५५ भारतात बनू लागले. डी-८० मध्ये क्लच सोडवून गिअर बदलावा लागतो; त्याचाच भाऊ डी-८५ टॉर्क कन्व्हर्टरवर चालतो. पहिल्यात क्लच प्लेटांची झीज ऑपरेटरच्या हातोटीवर अवलंबून असते. दुसऱ्यात ती चिंता कमी, पण तेल तापले आणि वेळेवर बदलले नाही तर खर्च मोठा.

खरा खर्च मात्र खाली, चेनमध्ये. डोझरच्या देखभालीतला जवळपास निम्मा पैसा चेन, रोलर, आयडलर, स्प्रॉकेट खातात. जुन्या चेनमध्ये पिन आणि बुश कोरडेच घासत. तेल भरलेली सीलबंद चेन १९७० च्या दशकात रुळली.

गोट्यांवर चेनच्या पट्ट्या कडेवर तोलल्या जातात. मग पट्ट्या वाकतात, बोल्ट ढिले होतात, रोलरच्या कडा तुटतात आणि हादरा फायनल ड्राइव्हच्या सीलपर्यंत पोचतो. कॅटरपिलरने १९७७ च्या डी-१० मध्ये स्प्रॉकेट वर उचलले, ते या हादऱ्यापासून फायनल ड्राइव्ह वाचवण्यासाठीच. काळ्या मातीत हादरा नाही, पण चिखल स्प्रॉकेटच्या दातांत ठासून बसतो. चेन आपोआप ताणली जाते आणि पिन-बुश जास्त वेगाने झिजतात.

म्हणून गोट्यांवर राबलेला जुना डोझर घेताना पट्ट्यांचे बोल्ट, रोलरच्या कडा आणि फायनल ड्राइव्हची गळती आधी बघावी. काळ्या मातीतून आलेल्याचे बुश मोजावेत. एकाच बाजूने झिजले असतील, तर पिन-बुश अर्धा फेरा फिरवून चेन आणखी काही काळ वापरता येते. पावसाळ्यात चेन जरा ढिली ठेवावी आणि चिखल वाळण्याआधी, काम संपताच त्याच संध्याकाळी खरवडून काढावा.